एका रविवारावर राहणारी लेक

त्या गल्लीत विमानाचं तिकीट काढायचं तर आधी सलूनमध्ये शिरावं लागे. दुकान एकच, पण मधोमध प्लायवूडचं पार्टिशन ठोकून त्याचे दोन भाग केलेले. उजवीकडे आरसे, दोन खुर्च्या, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली आणि नवरा. डावीकडे टेबल, कॉम्प्युटर, कुरकुरणारा प्रिंटर, भिंतीवर जगाचा नकाशा आणि बायको. नवऱ्याला गल्ली सलूनवाले म्हणे आणि बायकोला तिकीटवाल्या बाई. पार्टिशन छतापर्यंत पोचलेलं नव्हतं. त्यामुळे इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडचे केस इकडे, असा व्यवहार वर्षानुवर्षं सुरळीत चालला होता.

बाईंना एक खोड होती. विमानाला किती वेळ लागतो हे त्या गिऱ्हाइकाला कधी तासांत सांगत नसत. तास ऐकले की माणूस घाबरतो, असं त्यांचं ठाम मत होतं. अकरा तास म्हटलं की ज्याने आयुष्यात खुर्ची तापवण्यापलीकडे काही केलं नाही तोही विचारतो, एवढा वेळ बसवेल का मला? म्हणून त्या आधी चौकशी करत, आपण काय करता? आणि मग ज्याचा प्रवास त्याच्याच कामाच्या मापाने मोजून देत. बेकरीवाल्याला सांगितलं, पीठ भिजवल्यापासून पहिला पाव भट्टीतून बाहेर येईपर्यंत. रंगाऱ्याला सांगितलं, एका खोलीला दोन हात, पहिला हात वाळायची वाट बघणं धरून. शाळेतल्या मॅडमना सांगितलं, पहिली घंटा ते शेवटची घंटा आणि वर एक पालकसभा. नळवाल्याने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, तुम्ही "पाच मिनिटांत आलोच" म्हणता आणि मग खरोखर येता, तेवढा वेळ. नळवाला जरा विचारात पडला, पण तिकीट त्याने काढलं.

या मापात एक चलाखी होती, ती आत्ताच सांगून टाकलेली बरी. झोपेचा वेळ बाई धरतच नसत. झोपलेला माणूस कुठे प्रवास करतो, प्रवास विमान करतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे लांबच्या शहरांचे पाच-सहा तास त्या बेमालूम कापून टाकत, आणि हे कापणं पलीकडच्या कात्रीपेक्षाही सफाईदार असे. शिवाय त्या स्वतः विमानात बसल्या होत्या फक्त एकदा, कुठल्याशा कंपनीच्या आमंत्रणावरून, जेमतेम तासाभराच्या अंतरावर. खाऊचं पाकीट फोडेपर्यंत विमान खाली उतरलं होतं. त्या एवढ्याशा भांडवलावर बाई गल्लीतल्या लोकांना समुद्रापार धाडत होत्या, आणि लोक परत येऊन सांगत, बाई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. माणसाला धीर दिला की तो पुढचं सगळं स्वतःच जमवून घेतो, हे खरं.

आता सलूनवाल्यांबद्दल. देवाने या माणसाला उभं राहण्यासाठीच जन्माला घातलं असावं. सकाळी शटर वर गेलं की ते उभे, आणि शटर खाली येईपर्यंत उभे. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, भांडणही उभ्याने. दुकानात दोन खुर्च्या होत्या, पण स्वतःच्या खुर्चीत त्यांना बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. बोलणं कमी. गिऱ्हाईक बोलतं, आपण ऐकायचं, ही धंद्याची रीत त्यांनी संसारातही लावली होती, आणि बाईंची त्याबद्दल मुळीच तक्रार नव्हती.

त्यांना एकच मुलगी. सहा वर्षांपूर्वी जावयाला दूरच्या शहरात नोकरी लागली आणि लेक त्याच्याबरोबर गेली. तिचं तिकीट बाईंनीच काढलं, म्हणजे अंतर त्यांना तोंडपाठ होतं. बारा हजार किलोमीटर, कुठे न थांबता साडेतेरा तास. विमानतळावरून दोघं परत आले, दुकान उघडलं, आणि बाईंच्या लक्षात आलं की पलीकडे दिवा लागलेला नाही. संध्याकाळ झाली होती. अंधारात सलूनवाले आरशासमोर उभे होते. थोड्या वेळाने पार्टिशनवरून आवाज आला, "किती लांब गं?"

बाईंना उत्तर येत होतं, पण ते त्यांच्या जिभेवर येईना. नवऱ्याचा असा आवाज त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "लांब कुठलं? तुमचा एक रविवार."

रविवार म्हणजे सलूनची धामधूम. उजाडल्यापासून रांग लागे आणि दुपारी दोनला शटर खाली ओढेपर्यंत डोकं वर काढायला फुरसत नसे. रविवार कधी सुरू झाला आणि कधी संपला हे सलूनवाल्यांना कधीच कळलं नव्हतं. म्हणूनच बाईंनी तो निवडला. पलीकडून "एवढंच?" असं आलं, आणि दिवा लागला.

तेव्हापासून ते माप घरचं होऊन गेलं. दाढीला बसलेल्याने सहज विचारावं, लेक कुठे असते हल्ली? सलूनवाल्यांनी वस्तरा पुसत म्हणावं, आहे की, एका रविवारावर. नवखा माणूस बुचकळ्यात पडे, जुन्यांना सवय झाली होती. लेकीनेही ते उचललं. व्हिडिओ कॉलवर ती हसत म्हणे, बाबा, काय त्यात, इथेच तर आहे मी, एका रविवारावर. बाबा मात्र तिचं बोलणं सोडून तिच्या कपाळावरची बट न्याहाळत असत. ती तिकडे स्वतःच आरशात बघून केस कापायची आणि दर वेळी डावीकडे उतार द्यायची. "कोणी कापले?" एवढंच ते विचारत आणि फोन बायकोकडे देऊन टाकत.

दर वर्षी लेक विचारायची, कधी येताय? आणि दर वर्षी सलूनवाल्यांकडे काहीतरी तयार असायचं. एका वर्षी खुर्चीचा पंप बिघडला होता. एका वर्षी समोर नवं सलून उघडणार अशी आवई होती, ते उघडलं नाही, पण वर्ष निघून गेलं. नात झाली त्या वर्षी तर बाईंनी बॅग भरायलाच घेतली होती, तेव्हा यांचा गुडघा धरला. बाकी काही नसलं की ठेवणीतलं कारण होतंच: मला बसवत नाही. आणि बाई, ज्या अख्ख्या गल्लीला विमानात बसवून मोकळ्या झाल्या होत्या, त्या घरच्या माणसापुढे हात टेकत.

यंदा लेकीचा फोन आला तेव्हा बाई उत्तर तयार ठेवून बसल्या होत्या. लेक भरभरून बोलली. नातीचे दात, नातीची शाळा, स्वयंपाकघरातला नवा नळ, शेजारणीचं मांजर. बाई वाट बघत राहिल्या. शेवटी लेक म्हणाली, चल आई, ठेवते, आणि तिने फोन ठेवला. कधी येताय, हे तिने विचारलंच नाही.

विसरली असेल, असं बाईंनी स्वतःला सांगून पाहिलं, पण जी पोरगी मांजराचं नाव विसरत नाही ती हे कशी विसरेल? पुढच्या फोनलाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. रागावली असती तरी चाललं असतं, रागावलेल्या पोरीची समजूत काढता येते. ही तर आनंदात बोलत होती आणि विचारायची थांबली होती. आज विचारायची थांबली, उद्या वाट बघायची थांबेल, आणि मग आपण गेलो काय आणि न गेलो काय. बाईंनी त्याच दिवशी ठरवलं, यंदा जायचं.

एकट्या जाणं त्यांना अवघड नव्हतं. स्वतःचं तिकीट काढायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नसता. पण लेक दारात गळ्यात पडेल आणि मग आईच्या खांद्यावरून मागे बघेल, बाबा आलेत का, हे त्यांना आत्ताच दिसत होतं. ते बघणं त्यांना सोसवलं नसतं. जायचं तर दोघांनी.

मोहीम सुरू झाली. खुर्ची कोण सांभाळणार, या प्रश्नावर बाईंनी पलीकडच्या गल्लीतले, हातातली कात्री नुकतीच कायमची खाली ठेवलेले आणि घरी सुनेच्या पायात पायात येणारे नवऱ्याचे जुने दोस्त गाठले. ते तर टुणकन तयार झाले, त्यांच्या सुनेने बाईंचे हात हातात घेतले. पासपोर्ट बाईंनी कधीच करून ठेवले होते. गुडघ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, उभं राहण्यापेक्षा बसलेलं चांगलं. मग राहिलं बसणं. बाई म्हणाल्या, विमानात उठून फिरता येतं, मागे उभं राहायला जागा असते. आणि अहो, बसलं तरी काय, तुमच्या पुढच्या सीटवर सबंध वेळ एक डोकं असतं. यावर सलूनवाल्यांना हसू आलं. ते हसले म्हणजे अर्धं काम झालं, असं बाईंना वाटलं.

कसलं काय. एकेक कारण संपत गेलं तसे सलूनवाले गप्प होत गेले. आधी ते कमी बोलत, आता बोलेनासेच झाले. कैची चालण्याचा आवाज येई, फवाऱ्याचा येई, माणसाचा येईना. बाईंना राग आला, मग राग निवला आणि काळजी वाटू लागली. या माणसाच्या मनात काहीतरी आहे आणि ते बसण्याचं नाही, एवढं त्यांना कळत होतं. ते विचारायचं कसं, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतरही कळत नव्हतं. सगळ्यांना त्यांचं त्यांचं माप काढून देणाऱ्या बाईंची ही गत झाली होती.

एका दुपारी, दोन्हीकडे सामसूम असताना, उशा-गाद्या शिवणाऱ्या आजी बाईंकडे आल्या. भावाला भेटायचं होतं. भाऊ लांबच्या शहरात, अंथरुणाला खिळलेला. किती वेळ लागतो, एवढंच आजींना हवं होतं. बाईंनी नकाशावर बोट ठेवलं आणि नेहमीच्या सुरात सांगितलं, तुमच्या चार उशा, खोळी धरून. आजींनी मान हलवली. म्हणाल्या, चार उशा तर मी बोलता बोलता शिवते. मग तोंड पुसून त्या उठल्या, सुनेला विचारून येते म्हणाल्या आणि हलक्या पावलांनी गेल्या.

त्या गेल्यावर पार्टिशनच्या कडेला सलूनवाले दिसले. गळ्यात कामाचा एप्रन तसाच. त्यांनी गिऱ्हाइकाची खुर्ची ओढली आणि बसले. बाईंचा हात कीबोर्डवरच राहिला. हा माणूस आपल्यासमोर बसलाय हे कळायलाच त्यांना थोडा वेळ लागला.

"मला एक तिकीट विचारायचं होतं," ते म्हणाले. "लेकीकडे जायचं. किती वेळ लागतो?"

"तुमचा एक रविवार..."

"तसं नको. खरं सांग."

बाईंनी कीबोर्डवरचा हात काढून घेतला. नवरा टेबलाकडे बघत बोलू लागला. हळू, मध्ये मध्ये थांबत, कोणाच्या तरी कानामागचे केस साफ करावेत तसा जपून.

"मी काही मूर्ख नाही. तू लोकांना सांगतेस ते मी रोज इथून ऐकतो. तू कापतेस, मला माहीत आहे. पण माझं मी कधी विचारलं नाही. सहा वर्षं सांगतोय, लेक एका रविवारावर आहे. रविवारी काम करताना वाटतं, आत्ता निघालो असतो तर आत्ता अर्ध्यात असतो, आत्ता पोचत आलो असतो. दुपारी शटर ओढताना वाटतं, चला, पोचलो. मला तेवढ्यावर भागतं. उद्या विमानात बसलो, रविवार संपला आणि विमान उतरलंच नाही, तर? ती किती लांब आहे ते मला कळेल. एकदा कळलं की मग परत येऊन मी दर रविवारी काय करू?"

एवढं सलग ते आयुष्यात बोलले नव्हते. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण धीर दिला म्हणून जे सहा वर्षं मिरवलं, त्या धीरानेच या माणसाला खुर्चीला बांधून ठेवलं होतं. त्याला बसायची भीती नव्हती. आपण जवळ आणून ठेवलेली लेक पुन्हा लांब जाईल, याची होती.

"लांब आहे," बाई म्हणाल्या. "खूप लांब आहे. बारा हजार किलोमीटर. साडेतेरा तास नुसते हवेत. पाय सुजतात, तोंडाची चव जाते, आणि खाली बघावं तर पाणीच पाणी. त्या दिवशी तुम्ही अंधारात विचारलंत तेव्हा मला सांगवेना. तुमच्यासाठी कापलं ते माझ्यासाठीही कापलं. मलासुद्धा ती एवढ्या लांब नको होती हो."

सलूनवाल्यांनी मान वर केली. बायकोकडे असं समोर बसून बघायची त्यांना सवय नव्हती, उभ्याने बघितलं की माणसाचा माथाच दिसतो. ते बराच वेळ बघत राहिले. पलीकडे दार वाजलं, कोणीतरी केस कापायला आलं होतं. ते उठले आणि एप्रन झटकला.

"खिडकीची नको," ते म्हणाले. "उठायला सोपी पडेल अशी दे."

तो निघण्याचा दिवस आणि त्याच्या आधीची धांदल सांगत बसत नाही. दोन माणसांसाठी चार बॅगा कशा लागतात हे ज्याच्या घरी परदेशी लेक आहे त्याला ठाऊक आहे. विमानतळावर कात्री बॅगेतून काढून ठेवावी लागली तेव्हा सलूनवाल्यांचा चेहरा हात काढून घेतल्यासारखा झाला. सामानाच्या पेटीत दुसरी आहे, असं बाईंनी सांगितलं तेव्हा कुठे ते पुढे सरकले. विमान सुटलं. बाईंनी सीटचे हात घट्ट धरले आणि नवरा बघत नाही ना हे बघितलं. तो पुढच्या सीटवरच्या डोक्याकडे बघत होता. मागून केसांत शिडी पडलीय, तो बाईंच्या कानात म्हणाला, मशीन घाईने फिरवलंय.

सुरुवात मजेत गेली. छोट्या छोट्या डब्यांतलं जेवण सलूनवाल्यांना फार आवडलं. चमचा त्यांनी पुसून खिशात ठेवला. बाईंनी डोळे मोठे केले तेव्हा परत काढून ठेवला. मग ते मागे जाऊन उभे राहिले. विमानातल्या मुलींशी त्यांची ओळख झाली, आणि अंबाडा सैल न पडता दिवसभर कसा टिकवायचा यावर तिथे बरीच चर्चा झाली. बाईंच्या समोरच्या पडद्यावर एक छोटंसं विमान होतं आणि मागे एक रेघ. बाई ते बघत बसल्या. बघून न बघितल्यासारखं करत, डुलकी घेत, पुन्हा बघत. विमान होतं तिथेच. त्यांनी आजवर किती जणांना या रेघेवर पाठवलं होतं. रंगारी, बेकरीवाला, मॅडम, सगळे इथे असेच बसले असतील, पडद्याकडे बघत, आणि परत येऊन मनाचा मोठेपणा दाखवून म्हणाले असतील, बाई, तुम्ही म्हणालात तसंच. बाईंना त्या सगळ्यांबद्दल उमाळा आला.

सलूनवाले मागून आले आणि बसले. मनगटाकडे बघून म्हणाले, "आता शटर खाली आलं असतं."

पडद्यावर समुद्र अजून संपला नव्हता. संपायचं नावही घेत नव्हता. आता काहीही मोजून देण्यासारखं बाईंकडे नव्हतं. नवऱ्याने त्यांचा हात हातात घेतला, केस कापून कापून खरखरीत झालेली बोटं त्यांच्या बोटांत अडकवली, आणि दोघं तसेच बसून राहिले. सगळं विमान झोपलं होतं. यांना दोघांनाही झोप नव्हती. बाईंनी आजवर प्रवासातून कापून टाकलेला तो सगळा वेळ, तासामागून तास, त्यांना आता पुरा भरावा लागत होता. आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात वाईट वाटत नव्हतं. नवऱ्याबरोबर इतका वेळ एका जागी, काहीही काम नसताना, त्या लग्नानंतर बसल्याच नव्हत्या.

उतरले तेव्हा सलूनवाल्यांचे पाय बुटात मावेनात. बूट मागून दुमडून ते चालत होते. कागद दाखवून, बॅगा ढकलत, दोघं एका काचेच्या दारातून बाहेर आले. पलीकडे लेक उभी होती. कडेवर नात, बटेला डावीकडे उतार. ती धावत आली, आईच्या गळ्यात पडली, आणि आईच्या खांद्यावरून तिने मागे बघितलं. बाबा होते. लेकीच्या तोंडून नेहमीचंच निघालं, हसत, धापा टाकत. काय मग बाबा, कसा झाला प्रवास, म्हटलं होतं ना, इथेच तर आहे मी.

"नाही गं," सलूनवाले म्हणाले. "लांब आहे. फार लांब राहतेस तू."

लेकीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सहा वर्षं पाठ झालेलं वाक्य तिच्या ओठांवर आलंही असेल. पण ते बाहेर पडलं नाही. तिचा चेहरा लहानपणी गुडघा फुटल्यावर व्हायचा तसा झाला. नातीला तिने खाली उतरवलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "खूप लांब आहे."

मग ती रडू लागली, आणि रडता रडता तिला जे फोनवर कधी सांगता आलं नव्हतं ते सांगून मोकळी झाली. तुम्ही दोघं एक रविवार, एक रविवार म्हणायचात ना. मला वाटायचं, एवढंच आहे तर येत का नाहीत? एका रविवाराएवढंही यावंसं वाटत नाही माझ्याकडे? म्हणून यंदा मी विचारलंच नाही.

बाईंना वाटलं, या चकचकीत फरशीत आपण गडप व्हावं. माप त्यांचंच होतं. पण त्यांना काही बोलावं लागलं नाही. सलूनवाल्यांनी लेकीचं डोकं आपल्या छातीशी धरलं, तिची ती तिरकी बट बोटांनी मागे सारली, आणि आजूबाजूने बॅगा घेऊन जाणाऱ्या माणसांची पर्वा न करता ते तसेच उभे राहिले. नातीने त्यांच्या पँटला धरलं आणि हा माणूस कोण आहे ते नीट बघून घेतलं.

थोड्या वेळाने लेकीने डोळे पुसले. बाबांचे दुमडलेले बूट आणि त्यातून बाहेर आलेले सुजलेले पाय तिला तेव्हा दिसले.

"एवढ्या लांब आलात माझ्यासाठी," ती म्हणाली. "दमलात?"

"हो," सलूनवाले म्हणाले. "खूप दमलो." आणि दमल्याचं सांगताना एवढा आनंद झालेला माणूस बाईंनी इतक्या वर्षांच्या धंद्यात पाहिला नव्हता.